सुलतानाच्या सहवासातली माझी तब्येत

शुक्रवार, ३ एप्रिल

ठरलं. आजपासून तब्येत एके तब्येत.

डॉक्टर परवा म्हणाले, गस्सान, वय बेचाळीस आणि ब्लडप्रेशर साठीतल्या माणसाचं. मीठ कमी करा, चालत जा, टेन्शन घेऊ नका, आणि जमलं तर एखादं जनावर पाळा, त्यानं मन निवतं. चारातला चौथा उपाय निवडला. मीठ आईच्या हातात आहे. चालायचं तर आमच्या अश्रफिय्या मोहल्ल्याच्या चढावर आधी ब्लडप्रेशर वर पोचतं, मागून मी. आणि टेन्शन मी घेतच नाही, लोक देतात.

प्रश्न एवढाच, की कोणतं जनावर. आई म्हणाली, कुत्रा आणलास तर घरात फरिश्ते यायचे नाहीत आणि मी राहायची नाही. मांजराच्या केसांची मला ॲलर्जी, पाच मिनिटांत तोंडाचा भोपळा होतो. पोपट नको. आमच्याकडे बोलायला आई आहे.

सकाळी पक्षीबाजारात गेलो. अबू दीबच्या टपरीवर काचेच्या पेटीत ती बसली होती. टॅरंटुला. तळहाताएवढी कोळ्याची मादी, मखमली अंग, पाठीवर गुलाबी झाक. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, आठवड्याला दोन रातकिडे खाते, वीस वर्षं जगते. आणि मांजर नसल्यामुळे केसांचा प्रश्नच नाही!

अबू दीबनं नसत्या सूचना दिल्या. हातात घेऊ नका, तोंड जवळ नेऊ नका, मागच्या पायांनी पाठ घासायला लागली की झाकण लावा, चिडली की ती अंगावरची बारीक कुसळं उडवते, डोळ्यांत गेली तर... पुढचं ऐकलं नाही. चौदा वर्षं विमा कंपनीच्या मेडिकल क्लेम खात्यात आहे. लोकांच्या फायली वाचून अर्धा डॉक्टर झालोय. मला पक्षीवाल्यानं वैद्यक शिकवावं?

नाव ठेवलं सुलताना. बीपी १४८/९४. आता उतरणार.

शनिवार, ४ एप्रिल

आईनं पेटी पाहिली, किंचाळली आणि शेजारी निघून गेली. वाटलं, सुटलो. दहा मिनिटांत चार शेजारणींना घेऊन परत आली आणि पाचही जणी मिळून नव्यानं किंचाळल्या.

मग तह झाला. पेटी माझ्याच खोलीत राहणार. बाहेर दिसली तर आई इर्बिदला मावशीकडे कायमची.

संध्याकाळी झाकण उघडून हळूच पाठ कुरवाळली. सुलताना वळली आणि मागचे दोन पाय भराभर पाठीवर घासायला लागली. पहिल्याच दिवशी लाडात आली! अबू दीबला चिडणं आणि लाड यातला फरक कळत नाही. एकटा माणूस, कोण शिकवणार.

मंगळवार, ७ एप्रिल

हाताला खाज. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ. कारण लगेच सापडलं: आईनं नाबलुसी साबण बंद करून कुठला तरी लिंबाच्या वासाचा आणलाय. आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, साबणानं मी पण हात धुते, मला नाही झालं काही. म्हटलं, तुझी कातडी जुनी आहे. रात्रीचं जेवण मिळालं नाही.

बीपी १५०/९४. उपाशीपोटी वाढतंच.

रविवार, १२ एप्रिल

साबण बदलून पाच दिवस झाले. खाज आता मनगटापर्यंत. म्हणजे साबण नव्हे, वांगं. वांगं बंद.

आज आमच्या आठवड्याचा पहिला दिवस, ऑफिसात शुक्रीला सुलतानाचा फोटो दाखवायची चूक केली. शेजारच्या टेबलावरचा हा माणूस दुसऱ्याचा उत्कर्ष पाहू शकत नाही. लगेच सगळ्या मजल्यावर ओरडला, अरे ऐका, आपल्या गस्सानला अखेर लेकरू झालं! आता सगळे मला अबू अन्कबूत म्हणतात, कोळ्याचा बाप. त्याला स्वतःला तीन मुलगे आहेत तरी थोरल्याच्या नावानं त्याला कोणी अबू अमुक म्हणत नाही, नुसतं शुक्रीच म्हणतात. मी मनाला लावून घेतलं नाही. दिवसभर एवढाच विचार केला.

रविवार, १९ एप्रिल

आज मैसूनशी लग्नाचं बोलणं पक्कं झालं! हात थरथरतोय, अक्षर वाईट येतंय. आनंदानं, खाजेनं नाही.

ती चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासते. दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा क्लेम घेऊन माझ्या खिडकीशी आली. तो मी परत पाठवला. कुठलासा कागद नव्हता. पुन्हा आली, पुन्हा पाठवला. चार वेळा शेरा मारला: अर्ज अपूर्ण, डोळ्यांचा दाखला जोडून पुन्हा सादर करावा. पहिल्यांदा कागद खरंच कमी होता. पुढचे तीन शेरे तिनं पुन्हा यावं म्हणून. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तिला वडील नाहीत, म्हणून मागणी आजोबांकडे घालायची. पंधरा मेला आमची जाहा, म्हणजे मागणी घालणारी वडीलधारी मंडळी, जाणार. चाळीस माणसं, पुढे आईचे चुलतभाऊ ब्रिगेडियर अबू नायिफ, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली पण आवाज अजून सेवेत आहे.

मैसून म्हणाली, गस्सान, तुमचे डोळे लाल का? घरात एखादं जनावर बिनावर पाळलंय का? म्हटलं, छे, ऑलिव्हचा मोहोर. ती म्हणाली, मोहोर यंदा अजून आलेला नाही. म्हटलं, मला आधी लागतो.

खोटं नाही बोललो. जनावर म्हटलं की चार पाय. लग्नानंतर सांगीन, सुखद धक्का म्हणून.

गुरुवार, २३ एप्रिल

निश्चय: १. सुलतानाला आठवड्यातून एकदाच हातात घ्यायचं. २. त्यानंतर डोळे चोळायचे नाहीत. ३. मीठ.

सायंकाळी ६. तिन्ही मोडले. पण चीज खारट होतं हा माझा दोष नाही.

शुक्रवार, १ मे

सुलताना आठ दिवस जेवत नाही. रातकिडे पेटीत फिरतात, तिच्या पायावरून जातात, ती ढुंकून बघत नाही. पाठीवर टक्कल पडलंय, आणि काळवंडलीय. माझंही जेवण तुटलं.

अबू दीबला विचारावं का? नको. हसेल. स्वतःच निदान केलं: मी लग्नाच्या गडबडीत असल्यामुळे तिच्या मनाला लागलंय. आता रोज अर्धा तास तोंड पेटीजवळ नेऊन तिच्याशी बोलायचं. आज बोललो. तिनं पाय घासले. ओळख विसरली नाही हेच समाधान.

शिंका: सतरा. ऑफिसातला गालिचा असणार. वांगं पुन्हा सुरू.

एक रातकिडा सुटून आईच्या पलंगाखाली गेला आणि ओरडत बसला. आई म्हणाली, मी साठ वर्षं नमाज पढले, त्याचं हे फळ?

बुधवार, ६ मे, सकाळी ७

सुलताना गेली.

उताणी पडलीय. आठही पाय वर. हलत नाही.

मी रडलो. बेचाळिसाव्या वर्षी, पायजम्यावर, काचेला नाक लावून रडलो. वडील गेले तेव्हा लोक बघत होते म्हणून रडता आलं नव्हतं.

८. ऑफिसला फोन केला, घरात मयत झालीय, येत नाही. साहेब म्हणाले, कोण गेलं? म्हटलं, मुलीसारखी होती. साहेबांनी लगेच रजा दिली. भला माणूस.

१०. आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता पेढेच वाटेल. काही न बोलता आत गेली आणि मयतीला करतात तशी बिनसाखरेची कॉफी करून आणली, सोबत तीन खजूर. म्हणाली, मला ती आवडत नव्हती, पण जीव होता, अल्ला तुला सबुरी देवो. मग म्हणाली, गेल्या आठवड्यापासूनच मला तिचं लक्षण ठीक वाटत नव्हतं. म्हणजे ही बघत होती?

दुपारी १२. झाकण काढून शेवटचा निरोप घेतला. कपाळ टेकवलं. तिला अंगणातल्या अंजिराखाली ठेवायचं ठरलं. आई खड्डा करायला चमचा शोधतेय.

दुपारी २. पेटीत दोन सुलताना आहेत!!

एक जुनी, पोकळ, पाठीला उभी चिरलेली. दुसरी नवी कोरी, ओलसर, गुलाबी, पूर्वीपेक्षा मोठी. मेली नव्हती. कपडे बदलत होती!

आईनं चमचा टाकला आणि मोठ्यानं अल्लाचे आभार मानले. मग मी बघतोय हे लक्षात येऊन म्हणाली, चमचा चांदीचा होता म्हणून.

साहेबांना काय सांगू? उद्या बघू.

डोळे भयंकर जळताहेत. इतकं रडल्यावर जळणारच. बीपी १६०/१००, पण आजचं धरायचं नाही.

गुरुवार, ७ मे

ऑफिसात बेचाळीस जणांनी सांत्वन केलं. शुक्रीनं मिठी मारली, त्याचे डोळे भरले होते. ती बरी झाली, एवढंच म्हणालो. आता तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतो.

सुलतानाची जुनी कात पांढऱ्या रुमालात घडी करून ठेवली. आठही पाय शाबूत, टक्कल सोडून बाकीचे केससुद्धा जागेवर. जाहाच्या दिवशी कोटाच्या वरच्या खिशात ठेवणार. मरणातून परत आलेल्या जिवाची वस्तू, शकुनाची.

मंगळवार, १२ मे

ब्रिगेडियरमामांनी घरी येऊन रंगीत तालीम घेतली. नियम असा की तिकडचे लोक पहिला पेला मामांपुढे ठेवतील. मामा तो पिणार नाहीत. मागणी घालतील. मग तिचे आजोबा, हाजी अबू सख्र, होकार देऊन म्हणतील, प्या तुमची कॉफी. तोवर आमच्यातल्या कोणी थेंब प्यायचा नाही. त्याआधी प्यायला तो शब्द मोडला, आणि मागणी मोडली.

मामा मला म्हणाले, तुझं काम एकच. ताठ बस, खाली बघ, कॉफीला हात लावू नकोस. तीनदा घोकून घेतलं. कॉफी न पिणं हे काय शिकवायचं काम आहे! आयुष्यभर मी कितीतरी कॉफ्या प्यायलेल्या नाहीत.

आई हल्ली माझी खोली फार झाडते. आज पेटीशेजारी मरमिय्याचा पाला घातलेल्या तिच्या आवडत्या चहाचा रिकामा पेला सापडला. विचारलं तर म्हणाली, विसरला असेल कोणीतरी. घरात आम्ही दोघंच आहोत.

शुक्रवार, १५ मे, दुपारी ३

निघतोय. नवा कोट. रुमाल वरच्या खिशात. बीपी मोजलेलं नाही, मशीनला आज सुट्टी. सगळं नीट होणार.

शनिवार, १६ मे

लिहायलाच हवं. एकाच डोळ्यानं लिहितोय, दुसऱ्यावर पट्टी आहे.

हाजींचा दिवाणखाना भरला होता. आमचे चाळीस, त्यांचे चाळीस. पहिला पेला मामांपुढे आला, मग आमच्यापुढे, मामांनी आपला खाली ठेवला, उभे राहिले आणि बोलायला लागले. दोन्ही घराण्यांची अब्रू, पूर्वज, पाहुणचार, सगळं काढलं. मला घाम फुटला. खाली बघत होतो, ताठ होतो. फक्त घाम पुसायला वरच्या खिशातला रुमाल काढला आणि तोंडावरून फिरवला. नीट, दोनदा. शकुनाचा म्हणून.

पहिल्यांदा डोळे पेटले. आसवांची धार लागली. मामांना वाटलं, भाषण पोचलं. त्यांनी आवाज चढवला आणि अजून दोन पूर्वज घेतले. मग नाक. मग घशात कोणी विस्तव ठेवल्यासारखं झालं. खोकला सुरू झाला तो थांबेना. श्वास मिळेना. पाणी कुठे नव्हतं. समोर एकच ओली वस्तू होती.

प्यायलो.

घोटभर कॉफीनं काय होतंय? रिकामा पेला हातात धरून खोकत राहिलो. बास असेल तर पेला हलवायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी हलवला नाही. कॉफीवाला बिचारा सवयीचा माणूस, त्यानं पुन्हा भरला. तोही प्यायलो. तिसराही.

ऐंशी माणसं माझ्या पेल्याकडे बघत होती. मामा 'आमची एकच विनंती' इथे उभे होते, विनंती तोंडातच.

हाजी सावकाश म्हणाले, ब्रिगेडियरसाहेब, मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि तुमच्या पोरानं तीन वेळा लग्न केलं.

तेवढ्यात आतून मैसून पाण्याचा तांब्या घेऊन आली. बायकांच्या खोलीतून पुरुषांत, अशा वेळी! माझी पापणी उलटी करून म्हणाली, हे रडणं नाही, यात केस आहेत. रुमाल बघू. मी म्हटलं, नको. तिनं ओढला.

घडी उलगडली. सुलतानाची कात गालिच्याच्या मधोमध पडली, आठ पायांवर, अगदी उभी.

ब्रिगेडियर अबू नायिफ, तीस वर्षं सीमेवर काढलेला माणूस, सोफ्यावर चढला. त्याच्यामागून आमची जाहा चढली. मग त्यांची माणसं. जमिनीवर आम्ही तिघंच उरलो: मी, मैसून आणि हाजी. हाजी ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी कातीकडे शांतपणे बघत होते. मला विचारलं, ही कोण?

म्हटलं, घरचीच आहे.

मैसून म्हणाली, म्हणजे मोहोर नव्हता. एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हाजींनी मामांना सोफ्यावरून उतरायला हात दिला आणि उत्तर दिलं. मी ते शब्द ओळखले. माझेच होते. म्हणाले, अर्ज अपूर्ण. डोळ्यांचा दाखला जोडून पुन्हा सादर करावा.

बुधवार, २० मे

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्यातून अकरा आणि डाव्यातून सहा केस काढले. एक खोल गेलाय, तो तिथेच राहणार. थेंब दिवसातून सहा वेळा. साबण, वांगं, मोहोर आणि गालिचा, चौघंही निर्दोष सुटले. साबणाबद्दल आईची माफी मागितली. ती म्हणाली, वांग्याची पण माग.

डॉक्टरांनी विचारलं, दुकानदारानं सूचना दिल्या नव्हत्या? म्हटलं, तपशिलात नाही.

मैसून फोन घेत नाही.

रविवार, ३१ मे

मैसूनच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभा राहिलो, नंबर आल्यावर यंत्रावर हनुवटी टेकवली. तिला बघावंच लागलं, कामच ते. बराच वेळ बघत होती. मी सगळं सांगितलं. सुलताना, मी रडलो ते, आणि ते तीन खोटे शेरेसुद्धा.

ती म्हणाली, शेरे मला तेव्हाच कळले होते. डोळ्यांच्या दाखल्यावर डोळ्यांचा दाखला कोण मागतं? मग म्हणाली, कोळ्याचं मला काही नाही हो. मला भीती याची, की खोली जळत असताना हा माणूस मला सांगेल, मोहोर आलाय.

म्हटलं, यापुढे जे असेल ते सांगीन. आत्ता तुझ्या यंत्राचा कोपरा गालाला टोचतोय.

ती हसली. अट एकच: सुलताना नव्या घरात येणार नाही. मान्य केली. बाहेर येऊन पायरीवर बसलो, आणि पहिल्यांदाच खरंखुरं वाईट वाटलं, सुलतानासाठी.

शनिवार, ६ जून

निश्चय: सुलतानाला विरहाची सवय करायची. रोज थोडं थोडं दूर राहायचं, म्हणजे तिला एकदम धक्का बसणार नाही. मुका जीव, बोलून दाखवत नाही.

तीन दिवस झाले, बैठकीत झोपतोय, खोलीत फिरकलो नाही. ती खचली असणार.

शुक्रवार, १२ जून

दाखला घेऊन गेलो. हाजींनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून वाचला, शिक्का उजेडात धरला. त्यांचा हक्क आहे.

या वेळी जाहा पाच माणसांची. बाकीच्या पस्तिसांना अचानक कामं निघाली. मामांनी बोलताना माझ्या पेल्यावर तळहात झाकणासारखा ठेवला होता.

हाजी म्हणाले, प्या तुमची कॉफी.

मी हललो नाही. मामा माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. हाजी पुन्हा म्हणाले. कोणी पेला उचलेना. तेव्हा हाजी ओरडले, अरे प्या लेको, थंड झाली तर मी निर्णय फिरवीन! आतून बायकांनी आनंदाची किलकारी दिली. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि या वेळी डोळ्यांत केस नव्हते. म्हणजे तो एकच होता, पण तो सोसतो.

घरी येऊन चष्मा लावला, हातमोजे घातले आणि सुलतानाला ही बातमी हळुवारपणे सांगायला खोलीत गेलो. वाक्यं तयार केली होती.

खोलीत आई बसली होती. पेटीपासून बरोबर हातभर लांब, अबू दीब म्हणाला तसं. तिनं परस्पर जाऊन त्याला सगळं विचारून घेतलंय. शेजारी चहा. सुलताना रातकिडा खात होती. आई मला म्हणाली, सावकाश, जेवतेय ती. आणि काच ठोकू नकोस, तुला बघितलं की बिचारी पाय घासायला लागते.

रोज दुपारी बसतात म्हणे, एप्रिलपासून.

मशीन काढलं. माझं १५६/९८. आई म्हणाली, माझं पण बघ. गोळी घेऊनही दहा वर्षं जिचं दीडशेच्या खाली आलं नाही, तिचं १२२/७८. पुन्हा बघितलं. १२०/७८. मशीन बिघडलंय, सोमवारी बदलून आणायला हवं.

आई आता टेप घेऊन माझी खोली मोजतेय. गल्लीकडच्या खिडकीपाशी सुलतानाची पेटी, तिच्यासमोर आईची खुर्ची, कोपऱ्यात रातकिड्यांचा डबा. मी विचारलं, आणि माझा पलंग?

आई म्हणाली, तुझं तर लग्न ठरलं ना?